कपाटात ठेवलेला काचेचा बाऊल रात्री आपोआप का फुटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा बाऊलचा संच, तीन वर्षं वापरातला. रात्री अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरातून फटाक्यासारखा आवाज आला. कपाट उघडून पाहिलं तर एका बाऊलचा चुरा झालेला, बाकीचे पाच जागच्या जागी. कुणाचा हात लागला नाही, घरात मांजर नाही, खाली काही पडलं नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, नवरा म्हणतो माल खराब होता. नक्की काय झालं, आणि उरलेल्या पाचांचं काय करायचं?

मी काचेच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. गिऱ्हाइकांकडून परत आलेला फुटका माल टेबलावर मांडायचा आणि तो कशाने फुटला ते लिहून द्यायचं, हे आमचं काम. ‘हातही लावला नव्हता हो’ हे वाक्य त्या टेबलावर रोज ऐकू यायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. म्हणजे फुटायच्या क्षणी खरोखरच कुणी हात लावलेला नसायचा. हात लागलेला असायचा तो महिन्याभरापूर्वी, कधी वर्षापूर्वी.

काच फुटायला दोन गोष्टी लागतात. एक, कुठेतरी बारीकशी भेग. डोळ्यांना न दिसणारीसुद्धा चालते. दुसरी, त्या भेगेची दोन तोंडं ओढून फाकवणारा ताण. नुसत्या दाबाने काच सहसा फुटत नाही, दाब तिला खूप सोसतो. तिचं वैर ताणाशी. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याचा १९२१ सालचा शोधनिबंध याच कोड्यावर होता: काचेतल्या अणूंचे बंध मोजले तर ती प्रत्यक्षात निघते त्यापेक्षा कितीतरी पट मजबूत असायला हवी, मग ती इतक्या सहज का तुटते? त्यांनी काचेचे बारीक तंतू ओढून तोडून पाहिले. ताजे आणि बारीक तंतू जाड कांड्यांपेक्षा खूपच बळकट निघाले. ग्रिफिथ यांचं उत्तर असं, की काच कमजोर नसते, तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगा तिला कमजोर करतात. काचवाला हिरकणीने रेघ ओढतो आणि अलगद वाकवून काच दुभंगतो, तेही याच तत्त्वावर. रेघ अगदी उथळ असते, पण काच तिथूनच जाते.

यात पाण्याची एक भानगड आहे. भेगेच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध ताणलेले असतात. हवेतल्या बाष्पाचे रेणू तिथपर्यंत पोहोचतात आणि ते बंध एकेक करून तोडतात. त्यामुळे काचेवर सतत ताण असेल तर भेग स्थिर राहत नाही, ती हळूहळू पुढे सरकत राहते. दमट हवेत जास्त, कोरड्या हवेत कमी. एका ठरावीक लांबीला पोहोचली की मग सरकत नाही, धावते. म्हणून भेग पडण्याची वेळ आणि फुटण्याची वेळ यांत कितीही अंतर असू शकतं. रात्रीचंच म्हणाल, तर दिवसा फुटलं की आपण म्हणतो ‘कुणाचा तरी धक्का लागला असेल’ आणि विसरून जातो. रात्री फुटलं की लक्षात राहतं. रात्री तापमान उतरल्याने थोडा हातभार लागतो, पण तेवढ्यावर चांगली काच फुटत नाही.

आता प्रश्न उरतो की कपाटात नुसत्या ठेवलेल्या बाऊलवर ताण आला कुठून. तो कारखान्यातच भरून दिलेला असतो.

तुम्ही ‘चुरा’ म्हणता, त्यावरून तुमचा बाऊल टफन्ड काचेचा होता असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. टफन्ड काच करताना साधी काच ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो. आतला गाभा मागाहून थंड होतो, आकसायला बघतो, पण वरचा थर त्याला मोकळेपणाने आकसू देत नाही. शेवटी पृष्ठभाग कायमचा दाबात राहतो आणि गाभा कायमचा ताणात. इमारतींच्या टफन्ड काचेत पृष्ठभागावरचा दाब किमान ६९ मेगापास्कल असावा असा अमेरिकी मानकाचा दंडक आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७०० किलो. भांड्यांमध्ये तो आकारानुसार कमीजास्त होतो. याचा फायदा असा, की पृष्ठभागावरची बारीकसारीक भेग हा दाब मिटवून धरतो. म्हणून टफन्ड बाऊल हातातून पडला तरी बऱ्याचदा वाचतो.

मेख अशी, की हा दाबाचा थर जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतकाच खोल असतो. तीन मिलिमीटर जाड बाऊल असेल तर जेमतेम ०.६ मिलिमीटर. एखादा ओरखडा किंवा टवका त्याच्या खाली, ताणातल्या गाभ्यापर्यंत गेला, की मग भेग अडवणारं कुणी नाही. ती सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटत जाते, वाटेत फांद्या फुटत जातात. पंधरा सेंटिमीटरचा बाऊल संपायला सेकंदाचा दहाहजारावा भाग पुरतो. आवाज फटाक्यासारखा येतो कारण आत साठलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते. ओरखडा ०.६ च्या अलीकडे, म्हणजे ०.५ वर थांबला, तर लगेच काही होत नाही. पुढच्या गरम-गार चक्रांत आणि धुण्यापुसण्यात तो तसूतसू सरकतो आणि एका रात्री पलीकडे पोहोचतो. तुमच्या बाऊलचं असंच झालं असावं.

इतका खोल ओरखडा घरात पडतो कुठे? बाऊलमध्ये बाऊल ठेवताना. वरच्या बाऊलच्या बुडाची कड खालच्याच्या आतल्या बाजूवर घासते आणि मध्ये वाळूचा एक कण असला की पुरे. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, ती काचेपेक्षा कठीण असते, आणि आपल्याकडे खिडकी उघडी राहिली की ती कपाटातही येते. स्टीलच्या चमच्याने काचेवर नुसती राखाडी रेघ उमटते. बहुतेक वेळा ती चमच्याचीच धातू असते, ओरखडा नसतो. बऱ्याच हिरव्या घासण्यांत मात्र अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते काच ओरबाडतात. सगळ्यात वाईट म्हणजे बेसिनच्या ग्रॅनाइटच्या काठावर किंवा नळाच्या तोंडावर बाऊलच्या कडेचा बसलेला हलकासा ठोका. टवका इतका बारीक उडतो की नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. बाऊल धुऊन आपण कपाटात ठेवतो आणि विसरतो.

इंटरनेटवर थोडं वाचलेला माणूस इथे मला थांबवतो आणि विचारतो, ‘निकेल सल्फाइड नसेल कशावरून?’ रास्त शंका आहे. काच वितळवताना कच्च्या मालातून किंवा यंत्रांच्या स्टीलमधून निकेलचा कण आला आणि त्याला गंधक मिळालं, की निकेल सल्फाइडचा बारीक खडा तयार होतो, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. हा पदार्थ ३७९ अंशांच्या वर एका स्फटिकरूपात असतो, खाली दुसऱ्या. टफनिंगमध्ये काच इतकी झपाट्याने थंड करतात की खड्याला रूप बदलायला वेळच मिळत नाही. मग तो तुमच्या घरी येऊन, सावकाश, महिन्यांनी किंवा वर्षांनी बदलतो आणि बदलताना २ ते ४ टक्के फुगतो. गाभ्यात, नेमक्या ताणाच्या जागी. मेलबर्नमधल्या आयसीआय हाउस या १९५८ साली पुऱ्या झालेल्या उंच इमारतीच्या काचा अशा फुटू लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या बॅलंटाइन यांनी १९६१ मध्ये हे कारण दाखवून दिलं. म्हणजे खऱ्या अर्थाने आपोआप फुटणारी काच असते, यात शंका नाही. बाथरूमचं शॉवरचं दार, बाल्कनीचा कठडा, डायनिंग टेबलाचा मोठा तक्ता यांत हे कारण मी आधी तपासेन. लहान बाऊलमध्ये काचच इतकी थोडी की खडा सापडायची शक्यताही तितकीच कमी. आमच्या टेबलावर आलेल्या भांड्यांमध्ये ओरखडे आणि टवके यांचंच राज्य होतं. खडा निघाला की आम्ही तो सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांना बोलावून दाखवायचो, यावरून काय ते समजा.

तुकडे जपून ठेवले असतील तर बरंच कळतं. टफन्ड काचेचे तुकडे खड्यांसारखे, पण जिथून फुटायला सुरुवात झाली तिथे बाजूबाजूला दोन मोठेसे, पाच-सहा कोनांचे तुकडे राहतात, फुलपाखराच्या पंखांसारखे. दोघांच्या सामाईक कडेवर, जाडीच्या मध्यात काळसर ठिपका दिसला तर निकेल सल्फाइड. तसं काही नसून ती कड पृष्ठभागावरच्या ओरखड्याला जाऊन मिळत असेल, तर वापरातली इजा. अडचण एवढीच की बाऊल फुटला की हे दोन तुकडे चारशे तुकड्यांत हरवतात. गॅसच्या शेगडीच्या काचेत किंवा झाकणात ते निदान जवळपास सापडतात.

साधी, म्हणजे टफन न केलेली काच अगदी वेगळी बोलते. तिचे तुकडे मोठे आणि धारदार. फुटलेली कड तिरक्या उजेडात धरा. उगमाजवळ गुळगुळीत आरशासारखा अर्धगोल दिसेल, त्याच्या भोवती धुरकट पट्टा, मग खरबरीत रेघा. आरसा मोठा असेल तर काच कमी ताणावर फुटली, लहान असेल तर भरपूर ताण होता. ठोका बसला असेल तर चांदणीसारख्या भेगा एका बिंदूतून निघतात आणि त्या बिंदूवर पांढरं पीठ झालेलं असतं. उष्णतेने तडकली असेल तर भेग कडेपासून काटकोनात निघते आणि मग नदीसारखी वळणं घेत जाते, फांद्या जवळजवळ नाहीत. ग्लासात चहा ओतल्यावर बूड गोल कापल्यासारखं सुटून खाली येतं, तोही उष्णतेचाच नमुना.

उष्णतेने काच का तडकते तो हिशेब सोपा आहे, करूनच पाहू. साध्या सोडा-लाइम काचेचा मीटरभर लांब तुकडा एका अंशाने तापवला तर सुमारे ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो. बोरोसिलिकेटचा, म्हणजे बोरॉन घातलेल्या, उष्णता सोसणाऱ्या काचेचा, ३.३ मायक्रॉन. वाढायला मोकळीक नसेल तर साध्या काचेत दर अंशाच्या फरकामागे साधारण ०.८ मेगापास्कल प्रतिबल (काचेच्या आतला ताण किंवा दाब) येतं, बोरोसिलिकेटमध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. आतल्या आणि बाहेरच्या बाजूत ५० अंशांचा फरक पडला तर साध्या काचेत ४० मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतं, आणि वापरून ओरखडलेल्या ग्लासला तडकायला तेवढं पुरेसं असतं. गरम पेय ओतलं की आतली बाजू फुगते आणि बाहेरच्या गार बाजूला ताणते, म्हणून भेग बाहेरून सुरू होते. तापलेल्या भांड्यावर गार पाणी पडलं तर पाणी लागलेला थरच थेट ताणात जातो. गरमावर गार हे गारावर गरमपेक्षा जास्त धोक्याचं. जाड काच मजबूत वाटते, पण उष्णतेच्या बाबतीत उलट. जाडी जितकी जास्त तितका आत-बाहेरचा फरक टिकतो. भारी दिसणाऱ्या जाड बुडाच्या ग्लासचं बूड सुटतं ते याचमुळे.

लोणच्याची फोडणी गार करून मगच बरणीत ओतायची, ही घराघरातली शिस्त मसाला जळू नये म्हणून असेल, पण ती काचेची बरणीही वाचवते. कडकडीत तेल १८० अंशांच्या पुढे असतं आणि बरणी ३० अंशांवर. हिशेब करायची गरजच नाही.

बोरोसिलिकेटचं नाव निघालं म्हणून एक खुलासा. ही काच जर्मनीतल्या येना इथे ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवली आणि १९१५ मध्ये कॉर्निंग कंपनीने पायरेक्स नावाने ती अमेरिकी स्वयंपाकघरात नेली. आपल्याकडे काचेच्या कुठल्याही चांगल्या भांड्याला लोक सरसकट बोरोसिल म्हणतात. दुकानात मात्र बोरोसिलिकेट, टफन्ड सोडा-लाइम आणि पांढरी ओपल काच एकाच फळीवर असतात, कधी एकाच कंपनीच्या. ओपलच्या ताटवाट्या साधारणपणे टफन्डच असतात. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवायची सवय असेल तर बोरोसिलिकेटच घ्या, आणि तेही लाकडावर किंवा कोरड्या फडक्यावर ठेवा. ‘मायक्रोवेव्हने टफनिंग उतरतं’ असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. घरातल्या ओव्हनच्या अडीचशे अंशांनी ते उतरत नाही.

साध्या काचेतही साठवलेला ताण असू शकतो, आणि तो कारखान्याचा खरा दोष. भांडं घडवल्यावर ते लांबलचक भट्टीतून, आमच्या भाषेत लेअरमधून, साडेपाचशे अंशांच्या आसपासून हळूहळू उतरवत बाहेर काढायचं असतं. त्याला अ‍ॅनिलिंग म्हणतात. घाई केली की ताण आतच अडकतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे बोलोन्याचा चंबू. अजिबात अ‍ॅनिल न केलेली ही जाड बाटली बाहेरून खिळा ठोकण्याइतकी दणकट असते, पण आत एक अणकुचीदार खडा टाकला की तिच्या ठिकऱ्या होतात. बाहेरचा थर दाबात, आतला ताणात. घरात आणलेला नवाकोरा जग पहिल्याच दिवशी चमचा ढवळताना तडकला तर मी अ‍ॅनिलिंगवर बोट ठेवीन. तसंच साच्याच्या थंड लोखंडाला टेकून कडेजवळ पडलेले केसासारखे चीर, आम्ही त्यांना ‘चेक’ म्हणायचो, तेही कारखान्याचेच. उजेडात फिरवलं की चमकतात.

कराडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील घरोघरी होते तेव्हा कंदिलाची नवी काच गार पाण्यात बुडवून उकळायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची, अशी एक रीत होती. लोक म्हणत, याने काच ‘पक्की’ होते. शंभर अंशांना अ‍ॅनिलिंग होत नाही, काच तसूभरही पक्की होत नाही. पण रीत मला आवडते, कारण ज्या काचेत दोष आहे ती पातेल्यातच जाते, ओसरीवर पावसाचा थेंब पडून नाही. निकेल सल्फाइडसाठी टफन्ड काच कारखान्यात काही तास तापवून ठेवतात, त्यामागे हाच विचार आहे: फुटायची असेल तर इथेच फुट.

शेगडीचा विषय निघणारच, म्हणून त्याचंही सांगतो. ग्लास-टॉप शेगडीची काच टफन्ड सोडा-लाइम असते. तिला चौफेर उष्णता चालते, एकाच जागी भडका चालत नाही. बर्नरची टोपी वाकडी बसली की ज्वाळा काचेवर लोळते. पसरट तवा किंवा मोठं पातेलं बर्नरबाहेर आलं की उष्णता खाली परतते. वर तापलेल्या काचेवर ओलं फडकं. बर्नरच्या भोकाच्या कडेला आधीच टवका असेल तर सगळं जमून येतं. शेगडी पूर्ण गार झाल्यावरच पुसा, आणि काच फुटलीच तर आधी रेग्युलेटर बंद करा, झाडू मग.

‘टफन्ड आहे, लागणार नाही’ हेही पूर्ण खरं नाही. सपाट तक्त्याचे बोथट खडे होतात. बाऊल-ताटांत दाब सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे मधूनच लांब धारदार सळ्या निघतात. चपला घालून आत जा. मोठे तुकडे जाड कागदाने उचला, बारीक चुऱ्यासाठी कणकेचा गोळा जमिनीवर दाबत फिरवा आणि टाकून द्या. कपाटात किंवा ओट्यावर उघडं पीठ, मीठ, तूप काही असेल तर तेही टाकून द्या, हळहळ करू नका.

दुकानदाराकडे जायचं असेल तर तुकडे पिशवीत घालून न्या, कडेचे आणि बुडाचे आवर्जून. पण तीन वर्षं वापरलेल्या बाऊलसाठी त्याच्याशी भांडण्यात फारसा दम नाही, असं मी तुमच्या नवऱ्याला सांगेन.

उरलेले पाच फेकायचं कारण नाही. लॅपटॉपवर पांढरा पडदा लावा, पोलराइज्ड गॉगल घाला आणि मान तिरकी करत पडदा काळा पडेपर्यंत फिरवा. मग मध्ये बाऊल धरा. पारदर्शक टफन्ड काचेत उजळ ठिपके आणि पट्टे दिसतील. नीट अ‍ॅनिल केलेली काच काळीच राहील. पट्टे दिसले म्हणजे दोष नव्हे, ती टफन्ड आहे एवढंच. (पांढऱ्या ओपल काचेवर हा प्रयोग चालत नाही.) त्यानंतर कोरड्या बोटाचं नख कडेवरून आणि आतल्या बुडावरून फिरवा. जिथे नख अडखळेल तो बाऊल जेवणात वापरू नका; बाहेर कुंडीखाली ठेवायला हरकत नाही, जिथे कुणी अनवाणी जात नाही. बाकीचे ठेवताना दोन बाऊलच्या मध्ये जुन्या सुती कापडाचा तुकडा घाला आणि धुतलेले गरम बाऊल लगेच एकात एक बसवू नका. बाहेरचा गार होऊन आकसला की आतला अडकतो, आणि तो ताण रात्रभर तसाच राहतो.